रामकुंडावरची काळीकुट्ट सावली

प्रश्न : ताई, मी नाशिकला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. अनरियल इंजिनमध्ये (गेम आणि थ्रीडी दृश्यं बनवायचं सॉफ्टवेअर) रामकुंडाचा संध्याकाळचा घाट उभा केलाय. पायऱ्या सावलीत काळ्याकुट्ट पडतात. ऊन वाढवलं की देवळाची भिंत पांढरीफटक. सावलीत पॉइंट लाइट (बल्बसारखे एका बिंदूतून पसरणारे दिवे) टाकले, तर खांबांना दोन-दोन सावल्या. आणि आरतीचे दिवे दिसतच नाहीत. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ते पॉइंट लाइट आधी काढून टाक, सगळे. उघड्यावर सावलीला उजेड पुरवतं ते आभाळ.

निरभ्र दुपारी उन्हात साधारण 1 लाख लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, पण त्याच वेळी नारोशंकराच्या देवळाच्या सावलीतही नुसत्या आभाळाचे 10 ते 20 हजार लक्स मिळतात. संध्याकाळी ऊन झपाट्याने उतरतं, आभाळ तेवढ्या वेगाने नाही. म्हणजे मावळतीची सावली दुपारपेक्षा सौम्यच हवी. तुझी काळी पडतेय, कारण तुझ्या घाटावर सूर्य आहे, आभाळ नाही.

स्काय ॲटमॉस्फिअर (वातावरण आणि आभाळाचा रंग उभा करणारा घटक) आणि स्काय लाइट (त्या आभाळाचा उजेड दृश्यावर टाकणारा), दोन्ही घे. स्काय लाइटचं रिअल टाइम कॅप्चर चालू कर, नाहीतर सूर्य फिरवला तरी तो जुन्याच आभाळाला धरून बसतो. त्यातच क्षितिजाखालचा अर्धगोल एकरंगी ठेवायची एक चौकट खूण केलेली असते आणि तो रंग मुळात काळा असतो; कमानींची खालची बाजू मेल्यासारखी दिसते ती बऱ्याचदा यामुळे. आणि सूर्याला हाताने केशरी रंग दिलायस ना? तो पांढरा कर. वातावरणातून येताना ऊन आपोआप तांबूस होतं, वर तुझा रंग चढला की घाटावर भंडारा उधळल्यासारखा दिसतो. हो, सूर्य जुन्या नाशकाच्या बाजूला मावळव. पंचवटीकराला हे सांगायला नको, पण सांगते.

पांढरीफटक भिंत ही बहुतेक ऑटो एक्स्पोजरची, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड आपोआप जुळवून घेण्याची करामत. पोस्ट प्रोसेस व्हॉल्यूममध्ये (कॅमेऱ्याच्या चित्रावरचे संस्कार ठरवणारा घटक) किमान आणि कमाल ईव्ही (एक्स्पोजरचा आकडा; तो जितका मोठा, तितकं चित्र गडद) एकाच आकड्यावर बांध. सूर्याचा लाइट खऱ्या लक्समध्ये, म्हणजे लाखाच्या घरात ठेवलास, तर भर दुपारी 15 आणि सूर्य क्षितिजावर पाचेक अंश असताना 11-12 पासून सुरुवात कर. हे बांधल्याशिवाय बाकीच्या कुठल्याच आकड्याला हात लावू नकोस.

मग दगड. मोबाइलने काढलेल्या फोटोवरून टेक्स्चर (दगडावर चढवायचं चित्र) केलं असेल, तर त्यात मूळची सावली आधीच मुरलेली असते. कोळसासुद्धा पडलेल्या उजेडाचा 4 टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो. तुझा बेसॉल्ट त्याच्याही खाली गेला असेल, तर आभाळ काय करणार? पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्यांचा रंग मात्र थोडा गडद ठेव आणि रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा; कमी केला की चकाकी येते) चांगला उतरव. ओल्या दगडाच्या कडेवर आभाळाची फिकी रेघ उमटते, ती आली की घाट ओळखीचा वाटायला लागतो.

दिव्यांचं गणित सोपं आहे. एका वातीचा उजेड मीटरभर अंतरावर जेमतेम 1 लक्स. हजारो लक्समध्ये तो दिसणार कसा? दिवे वाढवू नकोस, सूर्य क्षितिजाखाली सहा अंश ने. तिथे आभाळाचा उजेड तीनेक लक्सवर येतो. ईव्हीचा आकडाही त्या प्रमाणात खाली आण.