सायन्स फिक्शन फ्रँचायझीची स्पिन-ऑफ कॉमिक्स कॅनन धरायची का?

सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर यात नाही. फ्रँचायझी कोणाच्या मालकीची आहे आणि तो अंक पहिल्यांदा कधी छापला गेला, या दोन गोष्टी कळल्या की बहुतेक वेळा निकाल लागतो. तुम्ही विचारलंय की सिनेमे पाहून झालेत, आता कॉमिक्स घ्यायची आहेत, तर त्यात घडलेलं 'खरंच घडलं' असं मानायचं का. फ्रँचायझीचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे ज्यांच्याबद्दल हा प्रश्न सर्वांत जास्त पडतो त्या धरून लिहितो. स्टार वॉर्सवर जास्त लिहीन, कारण खरा गुंता तिथेच आहे.

आधी एक गैरसमज. मुखपृष्ठावर अधिकृत लोगो आहे म्हणजे कॅनन आहे, असं अजिबात नाही. लोगोचा अर्थ एवढाच की प्रकाशकाने पैसे भरून ती पात्रं वापरण्याचा परवाना घेतला आहे. कॅनन म्हणजे मालकाने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन: पुढचा सिनेमा किंवा मालिका लिहिणाऱ्याने या अंकात घडलेल्या गोष्टी लक्षात घेऊनच लिहायचं. म्हणून मला कामाचा वाटणारा प्रश्न असा: उद्याच्या पटकथालेखकावर हा अंक बंधनकारक आहे का?

स्टार वॉर्समध्ये या प्रश्नाला तारखेसह उत्तर आहे. 25 एप्रिल 2014. त्या दिवशी स्टार वॉर्स बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने जाहीर केलं की तोवरचे सहा सिनेमे आणि 'द क्लोन वॉर्स' ही ॲनिमेशन मालिका (तिच्या 2008 च्या सिनेमासह) कॅनन राहतील. बाकी कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम्स या सगळ्यांची रवानगी 'लेजंड्स' नावाच्या वेगळ्या कप्प्यात झाली. त्यानंतर आलेली नवी कॉमिक्स लुकासफिल्मच्या स्टोरी ग्रुपच्या (कथांचा मेळ राखणाऱ्या गटाच्या) देखरेखीखाली तयार होतात आणि ती सिनेमांच्या बरोबरीने कॅनन मानली जातात.

त्याआधी उतरंड होती. लुकासफिल्मच्या लीलँड ची यांनी 2000 साली 'होलोक्रॉन' नावाचा अंतर्गत डेटाबेस सुरू केला आणि त्यात प्रत्येक गोष्टीला दर्जा दिलेला असे. सर्वांत वर जी, म्हणजे स्टार वॉर्सचे जनक जॉर्ज लुकस यांचे सिनेमे. त्याखाली टी, म्हणजे टीव्ही मालिका. मग सी, ज्यात बहुतेक कॉमिक्स आणि कादंबऱ्या यायच्या. एस दुय्यम आणि एन म्हणजे कॅननबाहेर. जुन्या चर्चांमध्ये 'सी-कॅनन' हा शब्द दिसला तर तो या व्यवस्थेतला आहे. आज तो लागू नाही.

आता हे तारखेचं सूत्र कुठे फसतं ते पाहू.

पहिला अपवाद 'डार्थ मॉल: सन ऑफ डॅथोमिर'. चार अंक, 2014, प्रकाशक डार्क हॉर्स. त्याच वर्षी त्याच प्रकाशकाने काढलेली बाकीची स्टार वॉर्स कॉमिक्स लेजंड्समध्ये गेली, पण हे चार अंक कॅनन आहेत. कारण ते 'द क्लोन वॉर्स'च्या न बनलेल्या भागांच्या पटकथांवर आधारलेले आहेत. त्यामुळे 'डार्क हॉर्स म्हणजे लेजंड्स' हा ठोकताळा इथे चुकतो.

दुसरा त्याच्या नेमका उलटा. मार्व्हलची जुनी मालिका 1977 ते 1986 चालली, एकूण 107 अंक. 2019 मध्ये मार्व्हलने त्याच मालिकेचा 108 वा अंक काढला. छपाई 2014 नंतरची, प्रकाशक कॅनन कॉमिक्स काढणारा मार्व्हलच, तरीही हा अंक लेजंड्स, कारण तो जुन्या कथेचाच पुढचा भाग आहे. तेव्हा तारीख बघताना अंकाची नाही, तर ज्या मालिकेचा तो अंक आहे तिची बघा.

तिसरा घोळ क्रमांकांचा, आणि खरेदी करताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात. 'स्टार वॉर्स' एवढंच नाव आणि त्यापुढे अंक क्रमांक 1, असे अंक अनेकदा आलेले आहेत, उदाहरणार्थ 1977, 2013, 2015 आणि 2020 मध्ये. यातले पहिले दोन लेजंड्स, नंतरचे दोन कॅनन. 'डार्थ वेडर' अंक 1 सुद्धा एक नाही: 2015, 2017 आणि 2020. हे तिन्ही कॅनन, पण काळ वेगळे (पुढचे सिनेमांचे क्रमांक एपिसोडचे आहेत, प्रदर्शनाच्या क्रमाचे नाहीत). 2015 ची मालिका चौथ्या आणि पाचव्या सिनेमाच्या मधली, 2017 ची तिसऱ्या सिनेमानंतर लगेचची, 2020 ची पाचव्या आणि सहाव्याच्या मधली. नुसतं नाव आणि क्रमांक सांगून मागवलंत तर भलताच खंड हातात पडतो. वर्ष विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुनर्मुद्रण असेल तर मुखपृष्ठावर 'लेजंड्स' हा शब्द शोधा. मार्व्हलच्या जुन्या कथांच्या 'एपिक कलेक्शन' खंडांच्या नावातच तो असतो. मात्र 2014 पूर्वी छापलेल्या मूळ प्रतींवर तो असणं शक्यच नाही, कारण तेव्हा तो कप्पाच अस्तित्वात नव्हता. अशा वेळी आतल्या पानावर बारीक अक्षरात छापलेली मूळ प्रकाशनाची माहिती वाचायची. वुकीपीडियावर, म्हणजे स्टार वॉर्स चाहत्यांच्या विकीवर, तपासत असाल तर पात्राच्या पानावर वर दोन टॅब असतात, एक कॅननचा आणि एक लेजंड्सचा. शोध इंजिनातून आलात की कोणत्या टॅबवर उतरलात हे आधी बघा. ल्यूक स्कायवॉकरच्या लग्नाबद्दल (ते फक्त लेजंड्समध्ये आहे) ठामपणे सांगणारे बहुतेक लोक चुकीच्या टॅबवरून आलेले असतात.

काही अंक तर कधीच, कोणत्याही व्यवस्थेत कॅनन नव्हते. डार्क हॉर्सची 'इन्फिनिटीज' मालिका म्हणजे 'असं झालं असतं तर' प्रकारच्या कथा. 2013-14 मधली 'द स्टार वॉर्स' ही आठ अंकांची मालिका लुकस यांच्या 1974 च्या कच्च्या मसुद्यावरून केलेली आहे. तिच्यातली ओळखीची नावं घेऊन कुणी वाद घालत असेल तर तिथेच थांबवा.

सिनेमाची कॉमिक रूपांतरं हा आणखी एक प्रकार. सिनेमाशी जुळतं तेवढं ग्राह्य, बाकी सोडून द्यायचं. 1977 च्या रूपांतरात जब्बा हा गुन्हेगारांचा म्होरक्या दोन पायांवर चालणारा, पिवळसर कातडीचा माणसासारखा प्राणी आहे. तोवर पडद्यावर जब्बा कुणी पाहिलाच नव्हता, तो 1983 मध्ये दिसला. चित्रकाराची चूक नाही ती, त्याच्या हातात काही नव्हतंच.

मग बरोबरीचा दर्जा असलेली दोन साधनं एकमेकांशी भांडली तर? कागदावर सिनेमा आणि कॉमिक समान आहेत. व्यवहारात पडदा जिंकतो. 2015 च्या 'केनन' कॉमिकमध्ये ऑर्डर 66 (जेडाय योद्ध्यांना ठार करण्याचा क्लोन सैनिकांना मिळालेला हुकूम) येते तेव्हा लहानगा केलब (केननचं मूळ नाव) आणि त्याची गुरू डेपा बिलाबा रात्री शेकोटीपाशी क्लोन सैनिकांसोबत बसलेले असतात. 2021 मध्ये 'द बॅड बॅच'च्या पहिल्याच भागात हाच प्रसंग दिवसाउजेडी, बर्फात, वेगळ्या माणसांच्या उपस्थितीत घडतो. दोन्ही कॅनन, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. मी अशा वेळी पडद्यावरचा तपशील धरतो आणि कॉमिकमधलं जे त्याला छेद देत नाही ते शाबूत ठेवतो: डेपाचा मृत्यू, केलबचं पळून जाणं, नंतरचे दिवस. एका प्रसंगावरून आख्खी मालिका बाद करण्याची गरज नाही.

स्टार ट्रेकचा कारभार सोपा आहे. पडद्यावर आलं ते कॅनन, छापलेलं ते नाही. गोल्ड की या प्रकाशनाने 1967 ते 1979 दरम्यान काढलेल्या अंकांपासून आयडीडब्ल्यू या प्रकाशकाच्या आजच्या अंकांपर्यंत सगळ्यांना हाच नियम. गोल्ड कीच्या सुरुवातीच्या चित्रकाराने मालिका पाहिलेलीच नव्हती आणि एंटरप्राइझ या मालिकेतल्या अंतराळयानाच्या मागून रॉकेटसारख्या ज्वाळा निघताना दाखवल्या होत्या, हे कळलं की नियम कसा उपयोगी पडतो ते लक्षात येतं. (पडद्याचंही नेहमी सरळ नव्हतं म्हणा. 1973-74 ची ॲनिमेशन मालिका बराच काळ कॅननबाहेर मानली जायची, नंतर आत घेतली गेली.) चाहत्यांनी दोन विकी वेगळे ठेवलेत: मेमरी अल्फावर फक्त पडद्यावरचं, मेमरी बीटावर परवानाधारक पुस्तकं, कॉमिक्स, गेम्स. कॉमिकमधली एखादी गोष्ट फक्त बीटावर सापडली तर ती कॅनन नाही, इतकं सरळ.

इथे 'काउंटडाउन' या 2009 च्या चार अंकांबद्दल हमखास वाद होतो. त्या वर्षीच्या सिनेमाची ही पूर्वकथा. सिनेमातला खलनायक नीरो कोण, त्याचं जहाज इतकं अक्राळविक्राळ का, हे त्यात सांगितलंय. कथेवर सिनेमाच्याच पटकथालेखकांची, रॉबर्टो ओर्सी आणि ॲलेक्स कर्ट्झमन यांची नावं आहेत. म्हणून अनेकांनी ती कॅनन धरून टाकली. पण त्यात डेटा हा यंत्रमानव जिवंत आहे आणि एंटरप्राइझचा कॅप्टन आहे. 2020 मध्ये 'पिकार्ड' मालिका आली, तिच्या निर्मात्यांत हेच कर्ट्झमन आहेत, आणि तिथे डेटा 2379 सालीच मेलेला आहे. कॉमिकच्या कथेवर ज्याचं नाव होतं त्यानेच ते ओलांडलं. रोम्युलस ग्रह नष्ट करणारा ताऱ्याचा स्फोट मात्र टिकला, कारण तो सिनेमातही होता. लेखकाचं नाव हा कॅननचा पुरावा नव्हे, यासाठी यापेक्षा नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही.

एलियनच्या बाबतीत तर सिनेमाने कॉमिकचा पायाच काढून घेतला. 1986 च्या 'एलियन्स'नंतर डार्क हॉर्सने 1988 मध्ये पुढची कथा सुरू केली: सिनेमातून वाचलेला हिक्स आता जायबंदी मनाचा सैनिक, आणि त्यातली लहान मुलगी न्यूट मोठी झालेली. 1992 मध्ये 'एलियन 3' आला आणि सुरुवातीलाच दोघं मेलेली निघाली. मग पुढच्या आवृत्त्यांमध्ये प्रकाशकाने नावं बदलली, हिक्सचा विल्क्स झाला आणि न्यूटची बिली. कथा तीच. तिसाव्या वर्षाच्या स्मरण-आवृत्तीत मूळ नावं परत आली. त्यामुळे बाजारात एकाच कथेच्या दोन नावांच्या प्रती आहेत. दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही घेऊ नका. घ्यायचीच तर मूळ नावांची घ्या, विल्क्स-बिली वाचताना सारखं अडखळायला होतं.

डॉक्टर हूला कॅननची अधिकृत यादीच नाही. बीबीसीने असा नियम केलेला नाही, आणि काळाशी खेळणाऱ्या मालिकेला तो परवडलाही नसता. 'द स्टार बीस्ट' ही 1980 ची चौथ्या डॉक्टरची कॉमिक (नायक डॉक्टर रूप बदलत राहतो, म्हणून रूपांना क्रमांक). 2023 मध्ये तीच गोष्ट, बीप द मीप या त्याच परग्रहवासीसह, चौदाव्या डॉक्टरवर टीव्हीवर आली. 'द लॉजर' 2006 मध्ये दहाव्या डॉक्टरची कॉमिक होती आणि 2010 मध्ये त्याच लेखकाने ती अकराव्यासाठी टीव्हीवर लिहिली. दोन्ही घडल्या की एकच, हे ठरवायला कुणी बसलेलं नाही. इथे तुम्हाला हवं ते धरा, कुणीही चूक ठरवू शकत नाही. ट्रान्सफॉर्मर्सचं वेगळं: तिथे कॉमिकचं जग आणि कार्टूनचं जग सुरुवातीपासून समांतर आहेत, त्यामुळे 'कोणत्या जगात कॅनन' असं विचारावं लागतं.

कॅननबाहेरच्या कॉमिकमधल्या गोष्टी वर चढतात, हेही ध्यानात ठेवा. आयला सेक्युरा ही जेडाय आधी डार्क हॉर्सच्या कॉमिकमध्ये आली, लुकस यांना आवडली आणि 2002 च्या सिनेमात दिसली. एलियन आणि प्रेडेटर समोरासमोर आले ते 1989 च्या अखेरीस कॉमिकमध्ये. 1990 च्या 'प्रेडेटर 2' मध्ये भिंतीवर एलियनची कवटी टांगलेली आहे. पण पात्र वर गेलं म्हणजे त्याची जुनी गोष्ट सोबत गेली असं होत नाही. साम्राज्याचा सेनानी थ्रॉन 2016 मध्ये 'रेबेल्स' मालिकेतून कॅननमध्ये परतला, त्याच्या 1991 पासूनच्या लढाया लेजंड्समध्येच राहिल्या. सम्राट पाल्पाटिनचं क्लोन शरीरात परतणं 1991 च्या 'डार्क एम्पायर' कॉमिकमध्ये होतं आणि 2019 च्या सिनेमातही आहे. तरी 'डार्क एम्पायर' कॅनन झालेलं नाही. कल्पना उचलली जाते, घटना नाही.

तुमची फ्रँचायझी स्टार वॉर्स असेल आणि फक्त कॅननच वाचायचं असेल, तर 2015 च्या 'स्टार वॉर्स' आणि 'डार्थ वेडर' या मालिका जोडीने, अंकाला अंक लावून वाचा. दोन्हींचे सहावे अंक एकाच क्षणाशी येऊन मिळतात: डेथ स्टार उडवणाऱ्या पोराचं आडनाव स्कायवॉकर आहे, हे वेडरला कळतं. सिनेमांमध्ये ही जागा रिकामी होती. नंतर 'वेडर डाउन' हे कथानक येतं. ते दोन्ही मालिकांच्या अंकांतून फिरतं, म्हणून एकाच मालिकेचे खंड घेतलेत तर मधले भाग गायब वाटतील. ते स्वतंत्र खंडात मिळतं, तोच घ्या.