इंजिन क्वचितच चालते, तरी ऑइल बदलायचे का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे २०२१ सालची टोयोटा प्रियस प्राइम ही चार्जिंगच्या बॅटरीवर आणि पेट्रोलच्या इंजिनावरही चालणारी (प्लग-इन हायब्रिड) गाडी आहे. रोज रात्री घरी चार्जिंग होते आणि यजमानांचे ऑफिस ८ मैलांवर आहे, त्यामुळे वर्षभरातल्या ६,००० मैलांपैकी इंजिनावर जेमतेम ५०० मैल झाले असतील. यजमान म्हणतात, ऑइल नव्यासारखेच आहे. गॅरेजवाला मात्र दर सहा महिन्यांनी बदलायला सांगतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही नको; वर्ष भरले की ऑइल बदला. टोयोटाने या गाडीसाठी १०,००० मैल किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी भरेल ते, अशी मुदत दिली आहे आणि तुमच्या वापरात महिनेच आधी भरतात.

बंद डब्यातले ऑइल वर्षानुवर्षे टिकते. इंजिनातले खराब होते ते त्यात मिसळणाऱ्या पदार्थांमुळे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते, आणि त्यातले बहुतेक धुरासोबत बाहेर पडले, तरी थोडे पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोलही त्याच वाटेने झिरपते. लांबच्या प्रवासात ऑइल चांगले तापून हे सारे उडून जाते. तुमच्याकडे मात्र जानेवारीच्या सकाळी काचेवरचे धुके घालवण्यासाठी डीफ्रॉस्टरचे बटण दाबले की इंजिन सुरू होते आणि ते पुरते तापण्याआधीच ऑफिस येते. पाणी ऑइलमध्येच राहते, आम्ल तयार होते आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली द्रव्ये हळूहळू संपतात. म्हणूनच हे ५०० मैल थोडे असले, तरी इंजिनाच्या दृष्टीने कष्टाचे आहेत.

यजमानांना एकदा ऑइलचे झाकण उघडून दाखवा. आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळट थर दिसला, तर तो ओलाव्याचा आहे. थंडीत थोडासा थर दिसणे घाबरण्यासारखे नाही. परंतु डिपस्टिकवरची (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर वर्षाची वाट पाहू नका.

अशी लक्षणे नसतील, तर चांगले सिंथेटिक ऑइल असताना दर सहा महिन्यांचा खर्च मला अनावश्यक वाटतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा गाडी एचव्ही मोडवर, म्हणजे इंजिनही वापरणाऱ्या हायब्रिड मोडवर, टाकून हायवेवर अर्धा-पाऊण तास चालवा. शेजाऱ्यांच्या गाडीची मुदत मात्र आपल्या गाडीला लावू नका : शेव्हरले व्होल्ट या अशाच प्लग-इन हायब्रिड गाडीला दोन वर्षांची मुदत आहे, पण त्या गाडीत इंजिन सुमारे सहा आठवडे चालले नाही, तर ते चालवून घेण्याची सोयच केलेली आहे.

ऑइल बदलल्यावर काचेच्या कोपऱ्यात जे स्टिकर लावतात, त्यावर मैलांच्या आकड्याशेजारी पुढची तारीखही आठवणीने लिहून घ्या.