‘मॅडम, वही कोरीच आहे!’

जूनमध्ये शाळा सुरू होतात. गणपती उरकले की पहिलीतल्या मुलांच्या पालकांची एक ठरावीक तक्रार माझ्याकडे समुपदेशनात यायला लागते. "शाळेत नुसतं खेळवतात हो. अभ्यास म्हणून काही नाही. पुढे कसं व्हायचं?" सूर कधी चिडलेला असतो, कधी रडवेला. मुलांना हाताने करून, बोलून, हिंडून-फिरून शिकू देणाऱ्या शाळा आपण हौसेने निवडतो खऱ्या, पण आपण स्वतः पाटी, शुद्धलेखन आणि छडीच्या शाळेतून आलेले असतो. पहिले दोन महिने हौस टिकते, मग पोटात गोळा येतो.

अशाच एका घराची ही हकिकत. घर ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण राघू म्हणू. वय सव्वासहा. वडील नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतात, आई बँकेत, आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बालवाडीची वर्षं इंग्रजी माध्यमात काढून राघू पहिलीला एका प्रयोगशील मराठी शाळेत आला होता. पोटात दुखतं म्हणून घरच्यांनी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

पोटाचा विषय मात्र वडिलांनी नंतर काढला. आधी त्यांनी पिशवीतून दोन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. "बघा. जूनपासून चार पानं भरलीत. बाकी कोरी. माझ्या भावाचा मुलगा सिनियर केजीत आहे, एक ते शंभर सरळ लिहितो. आमच्याकडे सदतीस म्हटलं की हा त्र्याहत्तर लिहितो. मॅडम, ह्याला ते डिस्लेक्सिया वगैरे तर नाही ना?"

मी आईला विचारलं, पोट कधी दुखतं? "संध्याकाळी." शाळेत जाताना? "छे, सकाळी तर बूट घालून दारात उभा असतो." मग संध्याकाळी नेमकं काय असतं? यावर ती नवऱ्याकडे बघायला लागली. जुलैपासून सहा ते साडेसात शिकवणी लावली होती. शाळा लिहून घेत नाही, तर कुणीतरी घ्यायला हवंच ना! तिथे रोज बाराखडी, रोज एक ते शंभर, चुकलं की ते पान पुन्हा.

मी लगेच काही बोलले नाही. दुखलं की वेळ आणि त्याआधी काय चाललं होतं, एवढंच दोन आठवडे लिहून ठेवायला आईला सांगितलं. रविवारी एकदाही दुखलं नव्हतं. ज्या दिवशी शिकवणीच्या बाईंच्या घरी पाहुणे आले, त्या दिवशीही नाही. पोरगं नाटक करत होतं असं मात्र समजू नका. या वयात ताण पोटातूनच बोलतो आणि दुखणं खरंखुरं असतं.

पुढच्या भेटीत राघूला खोलीत घेतलं, वडील कोपऱ्यात बसले. माझ्याकडे दुकानाचा खेळ आहे: रिकामे खोके, दहाच्या खोट्या नोटा, एक रुपयाची नाणी. मी दुकानदार. "सदतीस रुपयांचा साबण आहे, घेणार का?" राघूने तीन नोटा मोजल्या, सात नाणी मोजली, पुढे केली. मग थोडा विचार करून म्हणाला, "ताई, त्यापेक्षा मी चार नोटा देतो, तुम्ही मला तीन परत द्या." नाणी जपून ठेवायची होती त्याला! मग कागद दिला आणि सदतीस लिहायला सांगितलं. ७३.

वडिलांनी माझ्याकडे ‘बघा’ अशा नजरेने पाहिलं. पण आधीच्या पाच मिनिटांत त्यांच्या मुलाने दशक-एककही केलं होतं आणि चाळीसमधून सदतीस वजाही केले होते. कागदावर उलटं का झालं? मराठीत ‘सदतीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि तीस मागून. लिहिताना तीन आधी लागतो. ऐकलं तसं लिहिलं की ७३ होतं. हा घोळ आपल्याकडे इतका नेहमीचा आहे, की २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘तीस सात’ अशी जोडवाचनं दिली गेली होती. त्यावर विधिमंडळापर्यंत वाद झाला. ती पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे आणि ती मुलाच्या डोक्यातली खोट नाही. पहिलीतल्या मुलाने एखादा अंक किंवा अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढणंही नेहमीचं आहे. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची तपासणी साधारण आठव्या वर्षानंतर, मुलाला नीट शिकवून झाल्यावर करतात. त्याआधी शंका आलीच तर डोळे आणि कान तपासून घ्या. कितीतरी ‘लक्ष नाही’वाली मुलं फक्त चष्म्याची निघतात.

हाताबद्दलही सांगायला हवं, कारण सगळा जीव वहीत अडकलेला असतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि पुढे अनेक वर्षं हळूहळू हाडात बदलत जातात. सहाव्या-सातव्या वर्षीही सगळी तयार नसतात. तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढतं, चौथ्याला अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन, त्रिकोण त्यानंतर. हा क्रम मागेपुढे होतो, पण ओलांडता येत नाही. ज्याला अजून त्रिकोण जमत नाही त्याच्याकडून बालवाडीत जोडाक्षरं किंवा कर्सिव्ह गिरवून घेतली तर तो ती काढतो, पण अख्ख्या खांद्याने दाबून काढतो आणि लिहिण्याचा कंटाळा कायमचा शिकतो. माती मळणं, शेंगा सोलणं, कात्रीने कापणं, मणी ओवणं ही लिहिण्याचीच तयारी आहे. वहीत ती दिसत नाही, एवढंच.

आकड्यांचा माणूस म्हणून वडिलांना मी सरकारी मोजपट्टी दिली. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. त्यातली अपेक्षा अशी: बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षात, १० पर्यंतचे अंक ओळखणं. पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि चार-पाच सोप्या शब्दांचं न पाहिलेलं वाक्य वाचता येणं. पहिलीच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये नव्हे. भावाचा मुलगा केजीत शंभरपर्यंत लिहीत असेल तर आनंद आहे, पण त्याला सदतीस रुपयांचा साबण विकत घेता येतो का, ते कुणी विचारलेलं नाही. आणि पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असं केंद्राने २०१८ मध्येच राज्यांना कळवलं आहे. दिवसा शाळेने पाळायचा हा नियम आपण संध्याकाळी पैसे देऊन मोडतो.

"पण शाळेत करतात तरी काय?" हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. शाळेने पालकांना काहीच समजावलेलं नव्हतं. खेळातून शिक्षण एवढं बोलून मोकळे. म्हणून मी त्यांना अर्धा दिवस रजा टाकून, राघूच्या वर्गशिक्षिका ताईंची परवानगी घेऊन वर्गात मागे बसायला सांगितलं. आल्यावर त्यांचं बोलणं थांबेना. मुलं खिडकी वितीने मोजत होती. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं आणि ‘खिडकी तर तीच आहे’ यावर भांडण जुंपलं. ताईंनी ते मिटवलं नाही, वाढवलं. शेवटी एका मुलीने सगळ्यांसाठी एकच काठी घ्यायची युक्ती काढली. दुसऱ्या कोपऱ्यात अक्षरगटाचं काम चाललं होतं. अ ते ज्ञ अशी सरळ रांग न घेता म, क, र, ब आणि सोबत काना एवढंच घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात मुलं मामा, काका, मका, बाबा वाचायला लागतात. पण वडिलांना सगळ्यात भावली ती ताईंची नोंदवही. प्रत्येक मुलाचं नाव, कोणत्या पायरीवर आहे, कुठे अडतंय, परवा काय द्यायचं. "आमच्या तपासणी तक्त्यासारखीच आहे मॅडम," ते म्हणाले. कोऱ्या वहीने हरवलेला विश्वास या वहीने परत आणला.

खेळणाऱ्या प्रत्येक शाळेला मी प्रशस्तिपत्र देत नाही, हेही सांगते. आज यलो डे म्हणून चाळीस पोरांना पिवळे कपडे घालून फोटो काढणं म्हणजे बालकेंद्री शिक्षण नव्हे. ‘प्रोजेक्ट’च्या नावाखाली रात्री अकरा वाजता आईने थर्माकोल कापणं तर नाहीच नाही. तो पालककेंद्री उद्योग झाला. मुलांच्या हाती काम, त्यांच्यात बोलणं, आणि कोण कुठवर आलंय ते ठाऊक असलेली शिक्षिका, हे तिन्ही नसेल तर पालकांची काळजी बरोबर आहे. तिथे मी पालकांच्या बाजूने शाळेशी बोलते.

नंतरच्या भेटीला आजोबा आले. मला वाटलं, आता पाढ्यांवरून वाजणार. तसं झालं नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर त्यांची नोकरी गेलेली. कोसबाडचं बालशिक्षणाचं काम त्यांना माहीत होतं. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेकांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं चारायला गेली तर कुरणात. साधनं म्हणजे शंख, बिया, पानं, खडे. हे परदेशी फॅड आहे किंवा श्रीमंतांचे चोचले आहेत असं म्हणणाऱ्यांनी एकदा तो भाग पाहून यावा. "आम्हीही चिंचोक्यांवर शिकवायचो," आजोबा म्हणाले, "पण तपासणीला साहेब आले की वह्याच मागायचे. चिंचोके कोण बघतंय? मग आम्हीही वह्या भरायला लागलो." वही कुणासाठी भरली जाते, याचं इतकं नेमकं उत्तर मी प्रशिक्षणवर्गांत ऐकलेलं नाही.

शिकवणी एक महिना थांबवून बघायचं ठरलं. कायमची बंद म्हटलं असतं तर वडील कबूल झाले नसते. आजोबांचे पाढे मी चालू ठेवायला सांगितले. संध्याकाळी गच्चीत फेऱ्या मारत तालावर म्हटलेले पाढे राघूला आवडत होते आणि पाठांतराशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते न कळलेलं शंभर वेळा लिहिण्याशी. आईने रोज झोपताना एक गोष्ट वाचायची, बोट ओळीखाली ठेवून. वाण्याची यादी राघूने लिहायची आणि ती लाल पेनाने तपासायची नाही. ही शेवटची अट वडिलांना फार जड गेली. पहिल्या यादीत ‘साकर’ आणि ‘तादूळ’ आले. त्यांनी हात मागे बांधून घेतले म्हणे. काही आठवड्यांत ‘साखर’ आपोआप सुधारली, कारण पुडक्यावरचं नाव आता तो वाचत होता. तांदळावरचा अनुस्वार मात्र बराच काळ रुसला होता.

पोटदुखी आधी कमी झाली, दिवाळीनंतर थांबली. सदतीसचं ७३ अधूनमधून व्हायचं. तेव्हा आई म्हणायची, "नोटा किती, नाणी किती?" आणि तो स्वतः खोडून नीट करायचा. वार्षिक नोंदीत ताईंनी त्याला वाचनात पुढे आणि सुबक लेखनात मागे दाखवलं. वडिलांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, चौथी-पाचवीत स्कॉलरशिपला हे अक्षर चालेल का? मी म्हटलं, अक्षराकडे तिसरीत बघू.

आता त्यांच्या धाकटीच्या बालवाडीचा प्रश्न आलाय. आईने विचारलं, शाळा बघायला गेल्यावर काय बघू? मी सांगितलं, ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका, चालू वर्गात दहा मिनिटं उभ्या राहा. आवाज कुणाचा जास्त येतो ते ऐका, बाईंचा की मुलांचा. साधनं कपाटात कुलपात आहेत की मुलांच्या हाताला येतील अशी खाली मांडली आहेत ते पाहा. भिंतीवरची चित्रं वेगवेगळी आहेत की एकाच साच्यातली चाळीस बदकं आहेत? आणि बाईंना एखाद्या मुलाकडे बोट दाखवून विचारा, हा सध्या काय शिकतोय? तिने ‘सगळे एबीसीडी शिकतायत’ असं सांगितलं तर पुढची शाळा बघा.