विज्ञानकथेच्या ऑडिओ नाटकात म्हातारपण आणि पिढ्यांमधलं अंतर कसं दाखवतात?

पहिलं एवढंच सांगते: म्हाताऱ्याचा आवाज थरथरवू नका. बाकी उत्तर नाही वाचलं तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या ग्रुपबरोबर अंतराळप्रवासावर ऑडिओ नाटक करताय, त्यात एक आजोबा आणि त्यांची नात आहे, नुसत्या आवाजातून वय आणि पिढीतलं अंतर कसं कळवायचं, आणि बाहेरचे लोक हे कसं करतात. बाहेरच्यांचं सांगते, पण आधी घरचं. कारण नेमका हाच वाद गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी पेटला आणि अजून धुमसतोय.

मी तरुणपणी नागपूर आकाशवाणीवर नभोनाट्यांत बोलायचे. १९४८ पासूनचं केंद्र, सिव्हिल लाइन्समधलं. आमच्याकडे रेडिओचा काटा ५८५ किलोहर्ट्झवरून कुणी हलवला की ओरडा बसायचा. तिथे चेहरा दिसायचा नाही, त्यामुळे बाविशीतच माझ्या वाट्याला आज्या आल्या. पहिल्या तालमीला मीही सगळ्यांसारखी थरथरत, खोकत बोलले. दिग्दर्शकांनी थांबवलं. म्हणाले, तुमच्या घरात कुणी म्हातारं नाही का? आहे म्हटलं, आजी आहे. मग ती अशी बोलते का? नव्हती बोलत. ती ठणठणीत बोलायची, फक्त लांब वाक्य एका दमात पुरं व्हायचं नाही तिचं, आणि दम नेमका नको तिथे संपायचा. मग मी संहितेच्या कागदावर पेन्सिलीने रेघा मारल्या, कुठे श्वास तुटणार त्याच्या. ते कागद सुटेच ठेवायचे, वाचून झालेलं पान आवाज न करता खालच्या गालिच्यावर सोडून द्यायचं. त्या रेघा हेच माझं म्हातारपण होतं, आणि ते लोकांना पटायचं.

स्वरयंत्र म्हातारं होतंच, पण नाटकवाल्यांना वाटतं तसं नाही. पुरुषांचा आवाज उतारवयात बहुधा थोडा चढतो, बारीक होतो. बायकांचा पाळी गेल्यानंतर खाली येतो, भरड होतो. म्हणजे ढाल्या आवाजाचे आजोबा आणि किनऱ्या आवाजाची आजी ही जी ठरलेली जोडी आपण ऐकतो, ती जवळपास उलटी आहे.

आता भाचा. पुण्यात आयटीत आहे, चांगला मुलगा आहे, आणि मे महिन्यात घरून काम करायला नागपूरला आला होता. मे महिन्यात. नागपूरला. यावरून काय ते समजा. मित्रांबरोबर पॉडकास्ट काढतो, त्यासाठी त्याने विज्ञाननाट्य लिहिलं. गोष्ट खरंच चांगली होती, ते नाकारत नाही. बत्तिसाव्या वर्षी एक माणूस अंतराळात जातो. मागे तीस वर्षांची बायको आणि सहा वर्षांची पोरगी. पृथ्वीवर तीस वर्षं उलटल्यावर तो परत येतो, पण यान जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावलं की त्यातला काळ हळू सरतो, म्हणून त्याच्या घड्याळात पाचच वर्षं गेलेली असतात. बायको साठीची, पोरगी छत्तीसची आणि हा सदतीसचा. दारात उभा राहतो आणि बायकोला कळत नाही की याला आत कोण म्हणून घ्यावं. बायकोचं काम मला दिलं.

पहिल्याच टेकनंतर म्हणतो, "आत्या, तू म्हातारी वाटत नाहीयेस. जरा थरथर आण ना आवाजात."

मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होते. त्रेसष्टच्या बाईला तू साठीची वाटत नाहीस म्हणून सांगणारा दिग्दर्शक मी तरी पहिल्यांदाच पाहिला. म्हटलं, बाबू, साठीची बाई अशीच बोलते, ती तुझ्यासमोर बसली आहे. तर म्हणे, "हो, पण श्रोत्यांना तसं वाटलं पाहिजे." म्हणजे श्रोत्यांच्या डोक्यात म्हातारीचा जो साचा आहे, त्यात खऱ्या म्हातारीने कोंबून बसायचं. मी थरथरले नाही. शेवटी त्याने माझ्या आवाजावर काहीतरी सॉफ्टवेअर चालवलं. ऐकलं तर मी विहिरीतून बोलल्यासारखी वाटत होते.

हे एकवेळ सोडून दिलं असतं. खरी ठिणगी पडली ती बाबांवरून.

बाबा अठ्ठ्याऐंशीचे, माझ्याकडेच असतात. रेल्वेत होते, अजनीला. दिवाळी अंकात जयंत नारळीकरांची गोष्ट आली की अंक आधी त्यांच्या हातात जायचा, आम्हाला नंतर. भाच्याने लॅपटॉपवर त्यांना पूर्ण भाग ऐकवला. दुपारची वेळ, खोलीत कूलर धडधडतोय, नाटकात संवादांखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत यानाची घरघर आणि तिच्यावर संगीत. बाबा खिडकीकडे बघत बसले. संपल्यावर "छान आहे" म्हणाले. भाचा बाहेर येऊन मला सांगतो, "आबांना साय-फाय झेपत नाही गं या वयात."

तो झोपल्यावर मी कूलर बंद केला (चव्वेचाळीस अंशांत, लक्षात घ्या) आणि बाबांच्या समोर बसून सगळी संहिता वाचून दाखवली. यानाची घरघर नाही, संगीत नाही. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला. यानाचा वेग किती म्हणाला तो? म्हटलं, प्रकाशाच्या ऐंशी टक्के. पेन मागितला. लाइटच्या बिलाच्या मागे हिशेब मांडला: ०.८ चा वर्ग ०.६४, तो एकातून वजा केला की ०.३६, त्याचं वर्गमूळ ०.६. तिसाला सहा दशांशाने गुणलं की अठरा. "पाच नाही, अठरा वर्षं जातील त्याची. बत्तीस अन् अठरा, पन्नास. पन्नासचा नवरा अन् साठची बायको, त्यात काय विशेष आहे? पोट्ट्याचं नाटकच बसते खाली."

मग त्यांनीच वाटही काढली. वय बदलू नको, वेग बदल. तिसाची पाच करायची तर ९८.६ टक्के लागेल. एक आकडा, एक वाक्य, पुन्हा रेकॉर्ड करायला अर्धा मिनिट.

संध्याकाळी भाच्याला बोलावलं. बाबा म्हणाले, "काहून रे, ऐंशी टक्क्याने पाच वर्षं कशी होतीन?" त्याने बिल उलटंपालटं करून पाहिलं, हसला, आणि म्हणाला, "आबा, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?" भाग ऐंशी टक्क्यांसकट गेला. शेवटच्या आभारांत कॉफीवाल्या मित्राचं नाव आहे, बाबांचं नाही.

तर बाबांना "झेपलं नाही" याचं कारण काय होतं? उतारवयात ऐकणं कमी होतं ते सरसकट नाही होत. दोन्ही कानांत, हळूहळू, आधी उंच पट्टीतले आवाज जातात. अ, आ, इ असल्या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, ते ऐकू येत राहतात. स, श, च, फ असली व्यंजनं उंच आणि क्षीण, ती गळतात. म्हणून म्हातारी माणसं सांगतात की ऐकू येतं पण समजत नाही, आणि घरचे त्याचा अर्थ डोकं चालत नाही असा काढतात. त्यात मागे सतत आवाज असला, कूलरचा असो की यानाचा, तर उरलेली व्यंजनंही बुडतात. ओरडून उपयोग नसतो, ओरडल्याने स्वरच मोठे होतात.

जुन्या नभोनाट्यांत हा प्रश्न यायचा नाही, त्याला एक मजेशीर कारण आहे. मिडियम वेव्हवर, म्हणजे त्या जुन्या रेडिओवर, साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे, उंच पट्टीतले आवाज पोचतच नाहीत. म्हणजे वीस वर्षांचा श्रोताही रेडिओसमोर थोडा म्हाताराच असायचा. लिहिणारे त्या हिशेबाने लिहायचे: एका वेळी एकच माणूस बोलणार, नाव दोनदा घेणार, पावलं वाजली की संवाद थांबणार. आता हेडफोनमध्ये सगळं कुरकुरीत ऐकू येतं, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं जगाचे कान त्याच्यासारखेच आहेत. भाचा स्वतः तर पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकतो. बाबांना दोन वाक्यांत थांबा लागतो. पिढीतलं अंतर शोधायला तुम्हाला अंतराळात कशाला जायचंय?

बरं, बाहेरच्यांचं. मला सगळ्यात आवडतो तो 'डॉक्टर हू'चा एक ऑडिओ भाग, 'अ‍ॅन अर्थली चाइल्ड', २००९ चा. बीबीसीवर १९६३ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा त्यातल्या नायकाबरोबर त्याची नात होती, सुसान. काम कॅरोल अ‍ॅन फोर्डचं. नायक परग्रहावरचा, मरायला टेकला की नवं शरीर घेतो. ऑडिओ नाटकात ही नात पुन्हा आजोबांना भेटते, आता ती स्वतः एका मुलाची आई आहे, आणि आजोबांचं काम करतोय पॉल मॅकगॅन. फोर्डचा जन्म १९४० चा, मॅकगॅनचा १९५९ चा. म्हणजे आजोबा नातीपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान! पणतवाचं काम मॅकगॅनच्या खऱ्या मुलाने केलंय. पडद्यावर हे डोळ्यांना खटकत राहिलं असतं, माइकसमोर दोन वाक्यांत पटतं. आणि फोर्ड कुठेही थरथरत नाही. तिचं वय कळतं ते तिच्या तक्रारीतून: तुम्ही मला मागे सोडून गेलात आणि मी इथे मोठी झाले. म्हातारपण कुणी कुणाची किती वाट पाहिली यातून ऐकू येतं, हे भाच्याला कुणीतरी ऐकवा.

ही नाटकं काढणाऱ्या बिग फिनिशने १९९९ पासून जुन्याच नटांना जुन्याच भूमिकांसाठी बोलावलं. टॉम बेकरने १९८१ मध्ये पडद्यावर सोडलेली याच नायकाची भूमिका २०१२ पासून त्यांच्यासाठी ऑडिओवर पुन्हा केली, पंचाहत्तरी ओलांडल्यावर. आवाज म्हातारा झालाय, ते लपत नाही, आणि लोक खुशाल ऐकतात.

दुसरं टोक अमेरिकन रेडिओचं. एनबीसीवर १९५५ ते १९५८ 'एक्स मायनस वन' ही मालिका होती. तिच्यात रे ब्रॅडबरीच्या 'झीरो अवर' या कथेचं नाट्यरूपांतर झालं. अंगणातली लहान मुलं "आक्रमण" नावाचा खेळ खेळतायत, परग्रहावरचे खरोखर येतायत, मुलगी आईला सगळं सांगतेही, आणि आई हसून कामाला लागते. इथे ज्याचं कुणी ऐकत नाही ते मूल आहे, आमच्या घरी आजोबा होते. न ऐकणारे मधल्या वयाचेच, दोन्हीकडे. तुमच्या आजोबा-नातीच्या जोडीला माझ्या मते इथे जागा आहे: दोघांनाही काहीतरी माहीत आहे आणि घरातले कमावते लोक दोघांनाही गप्प करतायत. दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करून "आमच्या वेळी असं नव्हतं" छाप संवाद लिहाल तर कृपया मला लिंक पाठवू नका.

नाटक करताना संवादांखाली संगीत ठेवूच नका, दृश्य बदलताना वाजवा. आजोबांचं काम खऱ्या आजोबांनाच द्या, कॉलेजच्या पोराला नको. आणि त्यांना दिलेलं पान मोठ्या टाइपात छापा. पूर्ण झालेला भाग आधी सत्तरीपुढच्या माणसाला ऐकवा आणि "आवडलं का" विचारू नका, गोष्ट सांगायला लावा. त्यांना सांगता आली नाही तर तुमचं मिक्सिंग चुकलंय असं धरा, त्यांचं डोकं तपासायला जाऊ नका.

काही गोष्टी राहिल्या त्या सांगते. कंपवात असलेल्यांचा आवाज खरंच थरथरतो. पात्राला तो आजार असेल तर जरूर थरथरवा, वयाची खूण म्हणून नको. बाबांच्या हिशेबात यानाचा वेग वाढवणं-कमी करणं धरलेलं नाही, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मला कळवायची गरज नाही, त्यांना माहीत आहे. बाबांचे कान तपासून घेतलेत, यंत्रही आहे, पण उन्हाळ्यात घामाने ते काढूनच ठेवतात. आणि भाच्याच्या त्या भागाला ऐकणारे भरपूर मिळाले, हेही खरं. त्याने काही सिद्ध होत नाही.

तुमच्या नाटकात वेग आणि वर्षांचे आकडे असतील तर इथे खाली लिहा. बाबा तपासून देतील, सकाळी अकराच्या आत, नंतर कूलर लागतो. फक्त श्रेयनामावलीत त्यांचं नाव घाला.