झारच्या नोटा : साल नको, सही बघा

गेल्या अंकात रशियन नोटांचा ओझरता उल्लेख काय केला, पत्रांचा ढीग पडला. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे.

प्रश्न : वडील ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात होते. मायदेशी परतताना एका रशियन इंजिनिअरने त्यांना एक भलीमोठी नोट भेट दिली. तिच्यावर ५०० आकडा आणि १९१२ साल आहे. नेटवर एकाने अशाच नोटेचे चार लाख लावलेत. विकू की थांबू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नोट सपाट ठेवून पट्टी लावा. लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर आणि रुंदी साडेबाराच्या आसपास भरली, मागच्या बाजूला चिलखतातला पीटर द ग्रेट दिसला, तर नोट तीच. रशियन माणूस तिला लाडाने ‘पेतेन्का’ म्हणायचा. शंभराच्या नोटेवर राणी कॅथरीन, म्हणून ती ‘कातेन्का’.

आता चार लाखांचं. अहो, लावायला काय, कोणी चाळीसही लावेल. नोट प्रत्यक्षात कितीला गेली ते बघायचं. घड्या पडलेल्या, हाताळलेल्या पेतेन्काचा व्यवहार हजारांत होतो, लाखांत नाही. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती स्वस्त का, हे मात्र ऐकण्यासारखं आहे.

१८९७ मध्ये अर्थमंत्री विट्टे यांनी रुबल सोन्याला बांधला. नोटेच्या बदल्यात स्टेट बँक सोन्याचं नाणं देईल, एका रुबलमागे १७.४२४ दोल्या (जुनं रशियन वजन) शुद्ध सोनं, असं नोटेवरच छापलेलं असे. ग्रॅममध्ये हे पाऊण ग्रॅमच्या किंचित वर जातं. म्हणजे तुमच्या हातातल्या कागदाचे सुमारे ३८७ ग्रॅम झाले, आजच्या दहा ग्रॅमच्या हिशेबाने ३८ तोळ्यांच्या वर! मी जन्मभर बँकेत कॅशला बसलो, पण एका कागदावर एवढं सोनं कधी मोजलं नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि सोनं देणं बंद झालं. नोटेवरचा मजकूर तसाच राहिला आणि छापखाना सुटला. युद्धाच्या तोंडावर दीड अब्ज रुबलच्या थोड्या वर नोटा फिरत होत्या, १९१७ च्या मार्चपर्यंत त्या नऊ अब्जांच्या पुढे गेल्या. झार गेला, बोल्शेविक आले, तरी जुन्याच साच्यांवरून छपाई चालू होती. लोकांचा नव्या पैशावर विश्वास नव्हता. झार परत येईल, त्याच्या नोटा पुन्हा चालतील, या आशेवर त्यांनी त्या गादीखाली, भिंतीत दडवल्या. देश सोडून चीनमधल्या हार्बिनला, पॅरिसला गेलेल्यांनी ट्रंकेत भरून नेल्या. १९२२ मध्ये नवा रुबल आला तो दहा हजार जुन्यांना एक या भावाने. दडवलेला कागद मात्र टिकला, आणि तोच आज बाजारात आहे.

आणखी एक बघा. नोटेवरचं साल हे नमुन्याचं साल असतं, छपाईचं नव्हे. छपाईचा काळ सांगते ती बँकेच्या गव्हर्नरची सही. प्लेस्के १९०३ पर्यंत, मग तिमाशेव, १९०९-१० च्या सुमारास कोनशिन आणि १९१४ पासून शिपोव. तुमच्या नोटेवर शेवटच्या दोघांपैकीच कोणीतरी असणार. शिपोव पैशाला पासरी, कोनशिनला थोडा जास्त मान. सही लपेटीदार असते, तेव्हा नेटवरचं चित्र शेजारी ठेवून जुळवा.

विकण्याची घाई नको. वडिलांना ती कोणी, कधी दिली हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. तेवढं घरात कोणीच करत नाही.

प्रश्न : २५ रुबलची नोट घेतोय. नकली कशी ओळखायची?
– पुणे

उत्तर : दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि रंग बदलतो त्या रेघेवर धरा. सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी छापखान्यात इव्हान ओर्लोव्ह नावाच्या तंत्रज्ञाने १८९० च्या सुमारास एक यंत्र बनवलं. त्यात सगळे रंग एकाच दाबात कागदावर उतरत. त्यामुळे अस्सल नोटेवर एकच बारीक रेघ जांभळी निघते, हळूहळू तांबूस होते आणि कुठेही तुटत नाही, एकावर एक चढत नाही. आजच्या प्रतीत तीच रेघ भिंगाखाली रांगोळीच्या ठिपक्यांसारखी सुटी सुटी दिसते. मग विक्रेत्याला नमस्कार करून उठा. ‘आजोबांच्या पेटीत सापडली’ ही गोष्ट तो सांगेलच. ती ऐकायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : माझ्याकडच्या २५० रुबलच्या नोटेवर गरुडामागे चक्क स्वस्तिक आहे. ही हिटलरच्या काळातली का?
– कोल्हापूर

उत्तर : नाही हो. ही नोट १९१७ ची, झारने गादी सोडल्यावर आलेल्या हंगामी सरकारची. गरुडाची दोन्ही डोकी बघा, मुकुट गायब! नाझी पक्षाने स्वस्तिक घेतलं ते १९२० मध्ये. त्याआधी युरोपात ते शुभचिन्ह म्हणून दागिन्यांवर, शुभेच्छापत्रांवर सर्रास असायचं. झारची राणी अलेक्सांद्रा हिने कैदेत असताना खिडकीच्या चौकटीवर स्वस्तिक काढल्याची नोंद आहे. काटेकोर बोलायचं तर ही नोट झारशाहीची नव्हे, पण अल्बममध्ये शेवटच्या पानावर ती हवीच.

प्रश्न : जुन्या तिकिटांच्या अल्बममध्ये रशियन राजाचं जाड तिकीट मिळालं. मागे डिंक नाही, चार-पाच ओळी छापल्यात. छपाईची चूक असेल तर मोल किती?
– सोलापूर

उत्तर : चूक नाही, तो सुट्टा पैसा आहे. १९१५ मध्ये लोकांनी चांदीची नाणी दाबून ठेवली, सुट्ट्यांची बोंब झाली. तेव्हा रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशतकी तिकिटांचे साचे वापरून पुठ्ठ्यावर १०, १५ आणि २० कोपेक छापले. हे चांदीच्या नाण्याच्या बरोबरीने चालेल, असा मागचा मजकूर. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात जुनागड, बिकानेर या संस्थानांनीही पुठ्ठ्याची अशीच कूपनं काढली होती. मोल फार नाही. तिकिटांतून काढून नोटांत लावा.

प्रश्न : पावसाळ्यात नोटांना दमट वास येतो. लॅमिनेट करू का?
– रत्नागिरी

उत्तर : मुळीच नको! लॅमिनेट केलेली नोट संग्राहक हातात धरत नाही. इस्त्री, सेलोटेप, खोडरबर यांनाही हात लावू नका. स्वस्त पीव्हीसी पाकिटं काही वर्षांत चिकट होतात, तेव्हा पॉलिएस्टरची घ्या. डब्यात सिलिका जेल ठेवा, कसर लागू नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघा. डांबराच्या गोळ्या नोटांना लागून ठेवू नका. आणि डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात असेल, तर आधी तो तिथून हलवा.