वाचकांचे प्रश्न: आजीचं मलम, रेसिपीचा व्हिडिओ आणि लग्नातली गाणी

प्रश्न: माझी आजी हळद, तीळतेल आणि कडुनिंबाचा पाला घालून जखमेवरचं मलम करायची, आता आई करते, अर्धा गाव घेऊन जातो. मुलगा मागे लागलाय की याचं पेटंट घे, नाहीतर हळदीसारखं अमेरिकेतलं कोणीतरी घेईल. मिळेल का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: ताई, मलम जसं आहे तसंच असेल तर नाही मिळणार. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाकशाला पेटंट देता येत नाही ते दिलंय आणि त्यात पारंपरिक ज्ञान सरळ बाहेर ठेवलंय. पण वाईट वाटून घेऊ नका, उद्या एखाद्या कंपनीने तुमच्याच मलमावर इथे अर्ज केला तर तोही याच कलमावर अडेल.

हळदीचं मात्र नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर ती गोष्ट अर्धवटच फिरते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला पेटंट मिळालं ते हळदीवर नव्हे, जखम भरायला हळद वापरण्यावर, आणि संशोधक दोघंही भारतीय वंशाचे. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं, तेव्हा तिथे महासंचालक होते आपले गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. खरी मेख पुढे आहे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांच्या वापरात असेल तर ती जुनी धरायचे, पण दुसऱ्या देशात नुसती वापरात असून चालायचं नाही, तिथली असेल तर छापील पुरावा लागायचा. म्हणजे बोट कापलं की आपल्याकडे घरोघरी आधी हळदीचा डबा उघडतात, हे त्यांच्या लेखी शून्य. मग संस्कृत, हिंदी, उर्दूतले संदर्भ शोधून काढले, काही शंभर वर्षांहून जुने, सोबत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा लेख, आणि १९९७ मध्ये तिथल्या पेटंट ऑफिसने दावे फेटाळले. हा विजय मोठाच होता, पण मला आजही राग येतो तो त्या नियमाचा, कारण ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या हे ज्ञान जपलं त्यांनी ते कधी छापलं नव्हतं आणि म्हणून त्यांची साक्ष चालली नसती. तो भेद अमेरिकेने २०११ च्या कायद्याने काढला, अंमल २०१३ पासून.

आपल्या सरकारने २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतल्या औषधांची एक डिजिटल लायब्ररी उभी केली, परदेशी पेटंट ऑफिसं अर्ज तपासताना ती बघतात. वाद असा की बराच काळ ती फक्त पेटंट ऑफिसांनाच बघता येत होती, २०२२ मध्ये केंद्राने इतरांसाठी उघडायचं ठरवलं, तेही पैसे भरून. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांच्या घरातून हे ज्ञान आलं त्यांना ते फुकट बघता आलं पाहिजे.

तुम्ही काय करायचं? कोणी बळकावू नये एवढंच हवं असेल तर कृती प्रमाणासकट एखाद्या दिवाळी अंकात छापून आणा, म्हणजे तारखेसकट पुरावा झाला. पण मुलाच्या डोक्यात मलम बनवायची खरोखर नवी पद्धत वगैरे काही असेल तर ते आधी छापू नका, एकदा जाहीर झालं की ते नवीन राहत नाही. आधी पेटंट एजंटला भेटा.

प्रश्न: माझ्या उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ एका चॅनलने तसाच्या तसा टाकला. रेसिपीवर कॉपीराइट असतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: साहित्य आणि प्रमाण यावर नसतो, तुम्ही काढलेला व्हिडिओ, फोटो, तुमच्या शब्दांत लिहिलेली कृती यावर असतो, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तुमचाच व्हिडिओ उचललाय म्हणजे तक्रार करा, मूळ फाइल जपून ठेवा. त्यांनी स्वतः मोदक करून नवा व्हिडिओ काढला असता तर काही करता आलं नसतं.

प्रश्न: मुलीचं लग्न आहे, हॉलवाले म्हणतात गाणी लावायची तर म्युझिकचं लायसन्स आणा, नाहीतर स्पीकर बंद. हे बरोबर आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: काका, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच लिहिलंय की धार्मिक समारंभात गाणी वाजवणं म्हणजे उल्लंघन नाही, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभ धरलेत. केंद्राने जुलै २०२३ मध्ये तशी नोटीसही काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये असंच परिपत्रक काढलं, त्याविरुद्ध म्युझिक कंपन्या कोर्टात गेल्या आणि ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. त्यामुळे गावभर समज झालाय की सूटच गेली. तसं नाहीये, परिपत्रक गेलं, कलम जागच्या जागी आहे. भांडण उरतं ते लग्नाशी संबंधित म्हणजे कुठपर्यंत यावर, हळद, लग्न, रिसेप्शन ठीक, पण त्याच हॉलमध्ये तिकीट लावून डीजे नाइट ठेवली तर लायसन्स लागणारच. हॉलवाल्यांना कलमाची प्रत काढून द्या आणि त्यांची मागणी लेखी मागा. स्पीकरची रात्रीची वेळमर्यादा वेगळ्या नियमात येते, ती पाळावीच लागेल.