पोगाचार आणि विंगेगार्ड: तीन आठवड्यांच्या शर्यतीत जास्त ताकदीचा कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२५ अखेर सायकलपटू पोगाचारच्या नावावर चार टूर द फ्रान्स, विंगेगार्डच्या नावावर दोन. पण २०२२ आणि २०२३ मध्ये उंच घाटांवर विंगेगार्डनं त्याला अक्षरशः धुतलं होतं. मग दोघंही ठणठणीत असताना सरस कोण? आणि एव्हेनपूल, रोग्लिच या दुसऱ्या दोन बड्या सायकलपटूंना कुठं बसवायचं?

आधी एक कबुली देतो. २०२३ च्या जुलैमध्ये हा प्रश्न कोणी विचारला असता तर मी दोन ओळींत निकाल लावला असता. लावलाही होता. ‘तीन आठवड्यांच्या शर्यतीत पोगाचार आता विंगेगार्डला हरवू शकत नाही’ असं मित्रांच्या ग्रुपवर ठासून लिहिलं होतं. तो मेसेज मित्रांनी जपून ठेवला आणि पुढच्या दोन्ही जुलैंत मला सव्याज परत केला. त्यामुळे यावेळी जरा सांभाळून लिहितोय.

२०२५ च्या मोसमाअखेर पोगाचार पुढे आहे, यात वाद नाही. पण तो पुढे का आहे याचं जे कारण सगळे सांगतात, ते मला पटत नाही. ‘तो चढावर जास्त वेगवान आहे’ म्हणतात. एकच लांब चढ, दोघंही ताजेतवाने, मध्ये कोणी अटॅक करत नाही, अशी स्थिती घेतली तर या दोघांमधला फरक मोजायला घड्याळ बारकाईनं बघावं लागेल. खरा फरक दुसऱ्या दोन गोष्टींत आहे. किती प्रकारच्या दिवशी वेळ कमावता येतो, ही एक. आणि थकवा साचल्यावर शरीर किती टक्के साथ देतं, ही दुसरी. पहिली गोष्ट कायमच पोगाचारची होती. दुसरी विंगेगार्डची होती, आणि तिथंच गेल्या काही वर्षांत सगळी उलथापालथ झाली.

२०२१ च्या टूरमध्ये विंगेगार्ड हे नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. अकराव्या टप्प्यात मॉन्ट व्हँटू दोनदा चढायचा होता. दुसऱ्या चढाईत माथा जवळ आल्यावर या डॅनिश पोरानं पोगाचारला चाकावरून सोडवलं, म्हणजे मागे टाकलं. उतारावर पोगाचारनं त्याला गाठलं, टूरही जिंकली, ५ मिनिटं २० सेकंदांनी. त्यामुळे व्हँटूवरचा तो प्रसंग बहुतेकांच्या लक्षातून गेला. विंगेगार्डच्या संघाच्या लक्षातून मात्र गेला नव्हता.

पुढच्या वर्षी, पुन्हा अकराव्याच टप्प्यात, त्यांनी त्याच गोष्टीवर सगळा डाव मांडला. शेवट कोल दु ग्रानोनवर होता: ११.३ किलोमीटर, सरासरी ९.२ टक्के चढ, माथा २४१३ मीटरवर. पण खरं काम त्याआधी गॅलिबिए घाटावर झालं. विंगेगार्ड आणि तेव्हा त्याच्याच संघात असलेला रोग्लिच आळीपाळीनं अटॅक करत होते आणि पोगाचार प्रत्येक वेळी स्वतः उठून उत्तर देत होता. अंगात रग असलेला खेळाडू असंच करतो, आणि त्याच्या रगीचा हिशेब समोरच्यांनी आधीच मांडलेला होता. ग्रानोनवर शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये विंगेगार्ड निघाला तेव्हा पोगाचारच्या पायांत काही उरलंच नव्हतं. २ मिनिटं ५१ सेकंद गेले, एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी गेली. टूरचा अंतिम फरक २ मिनिटं ४३ सेकंदांचा होता. म्हणजे हिशेबानं ती टूर त्या एका संध्याकाळी गेली.

२०२३ चं चित्र आणखी क्रूर होतं. पंधरा टप्प्यांनंतर दोघांत फक्त १० सेकंद होते. मग कोंब्लूची २२.४ किलोमीटरची टाइम ट्रायल (प्रत्येकानं एकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवायचा टप्पा) आली आणि विंगेगार्डनं एका फटक्यात १ मिनिट ३८ सेकंद घेतले. दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझवर पोगाचार रेडिओवर म्हणाला, ‘मी संपलो, मी मेलो.’ तिथं आणखी ५ मिनिटं ४५ सेकंद. पॅरिसला पोचेपर्यंत फरक ७ मिनिटं २९ सेकंद. माझा तो प्रसिद्ध मेसेज याच आठवड्यातला.

आता थोडं थांबून हे बघू की तेव्हा नेमकं काय मोडत होतं. पोगाचारचं बलस्थान म्हणजे छोटे, तीव्र स्फोट. चढावर एक-दोन मिनिटं अशी ताकद लावायची की मागच्याची लय तुटावी, आणि पुन्हा बसून नेहमीच्या वेगानं चढायचं. विंगेगार्डची जात वेगळी. तो वीस-तीस-चाळीस मिनिटं एकाच वरच्या पट्टीत राहतो. सूर हलत नाही. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर हवा विरळ होते, त्यात उकाडा आणि आधीचे दोन मोठे घाट पायांत. अशा वेळी स्फोट करणाऱ्याला प्रत्येक स्फोटाची किंमत मोजावी लागते, एकसुरी चढणाऱ्याला तेवढी नाही. लोझचा माथा २३०० मीटरच्या वर, ग्रानोन २४०० च्या वर. दोन्ही पराभव तिथंच व्हावेत हा योगायोग मला वाटत नाही.

पोगाचारच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी: २०२३ च्या एप्रिलमध्ये लिएज-बास्टोन-लिएज या एकदिवसीय शर्यतीत पडून त्याचं मनगट मोडलं होतं. तयारीचे महत्त्वाचे आठवडे त्यात गेले. तेव्हा मी ही सबब म्हणून उडवून लावली होती, आता तशी उडवणार नाही.

वजनाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगतो. विंगेगार्डचं वजन साधारण ६० किलो, पोगाचारचं ६६ च्या आसपास असं सांगितलं जातं. चढावर शरीराच्या किलोमागे किती वॅट ताकद लावता येते हे महत्त्वाचं. किलोमागे ६ वॅटनं चढायचं तर विंगेगार्डला ३६० वॅट पुरतात, पोगाचारला ३९६ लागतात. इथं अनेक जण थांबतात आणि हलका तो सरस असं म्हणून मोकळे होतात. पण नियमानं सायकलचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे हलक्या खेळाडूला स्वतःच्या वजनाच्या मानानं जास्त ओझं वाहावं लागतं. शिवाय सपाटीवर किलोमागचे वॅट कोणी विचारत नाही. तिथं एकूण वॅट आणि वाऱ्याला होणारा अडथळा या दोनच गोष्टी चालतात, आणि तिथं ते जास्तीचे सहा किलो ओझं न राहता इंजिन होतात.

२०२४ मध्ये काय झालं याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ घातला जातो. त्या वर्षी एप्रिलमध्ये बास्क प्रांताच्या शर्यतीत विंगेगार्ड भयंकर पडला: गळ्याजवळचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. तीन महिन्यांच्या आत तो टूरच्या सुरुवातीला उभा होता. अकराव्या टप्प्यात (हा आकडा या दोघांच्या मागेच लागलाय) पोगाचार बत्तीसेक किलोमीटर बाकी असताना निसटला. विंगेगार्डनं त्याला गाठलं आणि ल लियोरानला शेवटच्या धावेत चक्क हरवलं. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पोगाचारला हरवणं ही विंगेगार्डची खासियत कधीच नव्हती. मला तो विजय त्याच्या दोन्ही टूरइतकाच मोठा वाटतो.

पण चारच दिवसांनी प्लातो द बेय आलं. विंगेगार्डनं दहाएक किलोमीटर आधीच अटॅक केला, म्हणजे त्याच्या पद्धतीचाच लांब, एकसुरी चढ. पोगाचार त्याच्या चाकाला चिकटून बसला आणि शेवटच्या साडेपाच किलोमीटरच्या आत निघून गेला. १ मिनिट ८ सेकंद. या चढावरचा इटलीच्या मार्को पंतानीचा १९९८ चा विक्रम पोगाचारनं तीन मिनिटांहून जास्त फरकानं मोडला. आणि इथं लक्ष द्या: विंगेगार्डनंही तोच विक्रम दोन मिनिटांहून जास्त फरकानं मोडला होता. अपघातातून उठलेला, कमकुवत विंगेगार्ड असं जे चित्र रंगवलं जातं, त्यात हे बसत नाही. तो त्या दिवशी जबरदस्त चढला आणि तरीही हरला. विंगेगार्ड खाली आलेला नव्हता, पोगाचार वर गेला होता.

वर कसा गेला? मला जे दिसतं ते एवढंच: २०२३ नंतर त्यानं प्रशिक्षक बदलला, हॅविएर सोलासोबत काम सुरू केलं. उकाड्यातला सराव वाढला. पेडलचा दांडा आखूड करून १६५ मिलिमीटरचा घेतला. आणि बसून, एका लयीत चढायला तो शिकला. जुना पोगाचार अटॅक करताना सायकलवर उभा राहायचा. नवा पोगाचार पुष्कळदा खाली बसूनच वेग वाढवतो. समोरच्याच्या शस्त्रागारातून शस्त्र उचलावं तसं हे आहे. २०२४ मध्येच त्यानं जिरो (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत) ९ मिनिटं ५६ सेकंदांनी आणि टूर ६ मिनिटं १७ सेकंदांनी जिंकली, दोन्हीत सहा-सहा टप्पे. जिरो-टूर अशी जोडी त्याआधी १९९८ मध्ये पंतानीनं जिंकली होती.

तरीही दुसरी गोष्ट, थकव्यानंतरची ताकद, पूर्णपणे पोगाचारकडे गेली असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या टूरची बेरीज करून बघा. अंतिम फरक ४ मिनिटं २४ सेकंद. त्यातले १ मिनिट ५ सेकंद कान (Caen) शहरातल्या ३३ किलोमीटरच्या सपाट टाइम ट्रायलमध्ये, २ मिनिटं १० सेकंद ओताकामवर, ३६ सेकंद पेराग्यूदच्या चढावाच्या टाइम ट्रायलमध्ये. झाले ३ मिनिटं ५१ सेकंद. म्हणजे बाकीच्या अठरा टप्प्यांत, बोनस सेकंद (टप्प्यात पहिल्या काही जणांना वेळेत मिळणारी सूट) धरून, जेमतेम ३३ सेकंद. आणखी बोलका आकडा वेगळाच आहे: तेराव्या टप्प्यानंतर फरक होता ४ मिनिटं ७ सेकंद. त्यानंतर सुपरबान्येर, व्हँटू, लोझ, ला प्लान्य असे चार डोंगरमाथे झाले आणि फरक वाढला फक्त १७ सेकंदांनी! ला प्लान्यला तर बोनसचे दोन सेकंद विंगेगार्डनंच कमावले. यावर कोणी म्हणेल की पोगाचारला आघाडी राखायची होती, धोका कशाला पत्करेल. बरोबर आहे. पण चेहरा बघून मला तरी तो शेवटच्या आठवड्यात दमलेला वाटला, आणि दमलेल्या पोगाचारला विंगेगार्ड सोडवू शकला नाही हेही तितकंच खरं.

संघाचा भाग मी मुद्दाम थोडक्यात ठेवतो. विंगेगार्डच्या दोन्ही टूरमध्ये त्याचा संघ जास्त भक्कम होता. २०२३ मध्ये तर त्या एका संघानं जिरो, टूर आणि वुएल्टा (स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत) तिन्ही जिंकल्या, तीन वेगवेगळ्या खेळाडूंसह. आता पोगाचारच्या संघातही तोडीस तोड माणसं आहेत. २०२५ च्या वुएल्टात विंगेगार्डला शेवटपर्यंत झुंजवलं ते त्याच संघाच्या झुआंव आल्मेइदानं. विंगेगार्ड १ मिनिट १६ सेकंदांनी जिंकला.

एव्हेनपूलबद्दल: सपाट टाइम ट्रायलमध्ये तो या दोघांच्याही पुढे आहे. कानला तोच जिंकला, पोगाचार १६ सेकंदांनी मागे. २०२२ ची वुएल्टा, पॅरिस ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं, २०२४ च्या टूरमध्ये तिसरा क्रमांक, हे काही थोडं नाही. पण त्याचा एखादा दिवस पूर्ण कोसळतो. २०२३ च्या वुएल्टात तुर्मालेच्या टप्प्यात त्यानं सत्तावीस मिनिटं गमावली आणि लगेच दुसऱ्या दिवशीचा टप्पा जिंकला. असा माणूस बघायला मजा येते, तीन आठवड्यांवर पैज लावायला येत नाही. रोग्लिचच्या चार वुएल्टा आणि एक जिरो म्हणजे तीन आठवड्यांच्या एकूण पाच शर्यती, २०२५ अखेर विंगेगार्डपेक्षा दोन जास्त. तरी ऐन भरातल्या या दोघांसमोर मी त्याला एक पायरी खालीच ठेवेन. २०२० ची टूर त्यानं शेवटून दुसऱ्या दिवशी, हातात ५७ सेकंद असताना, पोगाचारलाच गमावली. ती जखम कुठंतरी राहिली असावी, असं मला उगीच वाटतं.

आता पैज लावायचीच असेल तर. मी अंतिम निकालावर सुरुवातीला काहीच लावत नाही. दुसऱ्या विश्रांतीच्या दिवसापर्यंत थांबतो. तोवर विंगेगार्ड एका मिनिटाच्या आत असेल आणि पुढे २००० मीटरच्या वरचे दोन घाट बाकी असतील, तर माझे पैसे अजूनही विंगेगार्डवर. हे मी यावेळी ग्रुपवर लिहिलेलं नाही.